थोरल्या वावरातला खड्डा

“राघोजी खुमकर पाटलांनी हे वावर नांगरले. त्यांच्या मागे त्यांचे चिरंजीव झिंगराजी यांनी नांगरले. झिंगराजींच्या मागे तुझ्या…”

येथे मी थांबले. यजमानांना जाऊन बराच काळ लोटला होता, तरी उखाण्यावाचून त्यांचे नाव घेण्याची माझ्या जिभेला सवय नव्हती.

“महादेवरावांनी,” अवधूतने माझे वाक्य पुरे केले.

“त्यांनी. या तिघांपैकी एकानेही कापूस पेरण्यापूर्वी जमिनीला भोक पाडून तिची प्रकृती विचारली नव्हती.”

“म्हणून तर गेल्या वर्षी तिने ती न विचारता सांगितली, आई.”

जमिनीवर फक्कीने चौकोन आखता आखता, मान वर न करता तो हे बोलला. माझा एकुलता एक मुलगा शेतकीचे शिक्षण पुरे करून नुकताच गावी परतला होता, आणि ज्या घरात माझ्यापुढे खोकण्यापूर्वी माणसे विचार करीत, त्या घरात तो मला उत्तरे देऊ लागला होता.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यातली आहे. आमचे खिरोडी गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाण पट्ट्यात येते. तेथली जमीन काळीभोर आणि पुरुषभर खोल. पण तिच्या पोटातले पाणी खारट. विहीर खणावी तर गुरे तोंड लावीत नाहीत, आणि ते पाणी पिकाला द्यावे तर जमीनच मरते. सारा कापूस आभाळाच्या भरवशावर. त्या वर्षी आभाळ फिरकले नाही. आमच्या तिन्ही वावरांतल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या जळाल्या आणि पुढच्या पेरणीला बियाणे उरले ते एका वावरापुरते. वावर निवडण्यात चूक झाली तर बैल विकायचे आणि दिरांच्या ओसरीवर धान्यासाठी उभे राहायचे, एवढीच वाट उरली असती. मी कोणाच्या ओसरीवर उभी राहणाऱ्यांतली नव्हते.

ते दीर, केशवराव, समोरच लिंबाच्या सावलीत बसून सुपारी कातरत होते. आमची वाटणी केव्हाच झाली होती आणि त्यांचे वावर धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या बाजूला होते. पुतण्याची विद्या पाहायला ते मुद्दाम आले होते.

“वहिनी, पोराला शिकायला पाठवला, तो माती खायला शिकून आला,” ते म्हणाले.

अवधूतने खरोखरच आधीच्या खड्ड्यातली माती चिमटीत धरून जिभेला लावली होती.

“खारटपणा कळतो, काका.”

“अरे बाप्पा, मग घरात मीठ नव्हतं काय!”

आमचा सालदार तुळशीराम कुदळीच्या दांड्याआड हसला. मी त्याच्याकडे पाहिले. त्याचे हसू थांबले.

“आता हे ऐक,” अवधूत माझ्याकडे वळला. “बरड वावरात गुडघाभर खोलीवर मुरूम लागला. पाऊस वेळेवर आणि थोडा थोडा पडला तर तेथे कापूस येईल. मध्ये मोठा खंड पडला की गेला. नाल्याकाठच्या वावरात माती खोल आहे, पण चिकट. पाऊस अंमळ जास्त झाला की पाणी बसते, मुळे गुदमरतात आणि पऱ्हाटी पिवळी पडते. यंदा पाऊस किती येईल हे मला ठाऊक नाही, तुला नाही, काकांनाही नाही. म्हणून कोरड्या सालीही तगेल आणि ओल्या सालीही तगेल, असे वावर शोधायचे आहे.”

“ते थोरले वावर आहे. हे मी तुला खड्ड्यावाचून सांगते.”

“मलाही तसेच वाटते. पण वाटण्यावर मी बियाणे टाकणार नाही.” त्याने वावराच्या मध्याकडे बोट केले. “गेल्या वर्षी सारे जळाले, तेव्हा त्या एका जागी पऱ्हाट्या हिरव्या होत्या. त्यांना बोंडेही धरली. का, हे मला कळले पाहिजे.”

“तेथे नाही. ते सीतादहीचे स्थान आहे.”

आमच्या वऱ्हाडात कापसाच्या पहिल्या वेचणीआधी बायका वावरात जाऊन सीतादही करतात. खडे मांडून त्यांची पूजा होते, पऱ्हाट्यांवर दहीभात शिंपतात आणि पीक मोजता येणार नाही इतके येऊ दे म्हणून मागणे मागतात. आमच्या घराची त्यात एक निराळी रीत होती. पूजा आटोपली की घरच्या सुनेने गोड्या पाण्याने भरलेली घागर त्या जागी ओतायची आणि मागे न पाहता परतायचे. ज्या गावात गोडे पाणी बैलगाडीने दुरून आणावे लागे, तेथे एक अख्खी घागर मातीला देणे हे लहान दान नव्हे. मला त्या रीतीचा अभिमान होता. आजेसासूबाईंनी, राघोजींच्या पत्नी पार्बताबाईंनी, ती सुरू केली. सासूबाईंनी ती माझ्या हाती सोपवली. कारण त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. सुनेने विचारायचे नसते.

“आई, ती हिरवी जागा गोल होती,” अवधूत म्हणाला. “गाडीच्या चाकासारखी गोल. वर्षाच्या एका घागरीने वावर हिरवे राहत नाही, आणि जमीन आपण होऊन गोल होत नाही.”

मी होकार दिला नाही. छत्री उघडली आणि बाजूला सरकले. तुळशीरामाला माझी ही भाषा येत होती. त्याने कुदळ उचलली.

वरची काळी माती भेगाळलेली होती. भेगेत हात जाईल एवढी. तिच्याखाली आणखी काळी माती लागेल अशी माझी खात्री होती. पण कमरेएवढे खणून झाल्यावर वर येऊ लागले ते भलतेच होते: मुरूम, राख, खापरांचे तुकडे, त्यांच्यातच काळ्या मातीची ढेकळे. अवधूत खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला आणि त्याने एक ढेकूळ बोटांनी फोडले.

“हा जमिनीचा थर नाही,” तो हळूच म्हणाला. “ही भर आहे. कोणी तरी आणून टाकली आहे.”

तेवढ्यात कुदळ खणकन वाजली.

“पाटलीनबाई, गोटा लागला जी.”

“काढून टाक.”

“निघत नाई. घडीव हाय. अन याच्या बाजूले दुसरा हाय. अन त्याच्या बाजूले…” तुळशीरामाने हाताने माती सारली. “ओळ वाकडी चालली, बाई.”

अवधूतने खड्ड्यात उडी घेतली. दोघांनी मिळून माती उपसली, तसतशी चिऱ्यांची ओळ उघडी होत गेली. ती वळत होती. कोणत्याही अडाणी डोळ्याला कळावे अशी ती एका वर्तुळाची कड होती.

केशवरावांच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला.

“इंगळ्याईची इहीर,” तुळशीराम पुटपुटला, आणि लगेच त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

हे दोन शब्द आमच्या गावात लहान मुलांच्याही तोंडी होते. कोणी अशक्य गोष्टीची फुशारकी मारली की लोक म्हणत, ‘हो हो, अन इंगळ्यांची विहीरही सापडली!’ त्यामागची हकीकत अशी. मागच्या शतकाच्या अखेरीस जो महादुष्काळ पडला, ज्याला संवत १९५६ वरून म्हातारी माणसे ‘छप्पनचा’ म्हणत, त्यात महारवाड्यातले सटवाजी इंगळे पोटासाठी परमुलखात गेले. परत आले ते चावडीपुढे उभे राहून म्हणाले, थोरले वावर आमचे आहे, त्यात आमची गोड्या पाण्याची विहीर होती. राघोजी पाटलांनी साऱ्या गावादेखत उत्तर दिले, “विहीर दाखव आणि वावर घे. खुमकरांचा शब्द आहे.” गाव हसले. वावरात विहीर नव्हतीच. आणि इंगळ्यांना त्या वावरात पाऊल टाकण्याचीही मुभा नव्हती. आमच्या घरी तो शब्द पंगतीतला विनोद म्हणून सांगितला जाई.

“बुजव रे तुळशीराम,” केशवराव उठून उभे राहिले होते. “आत्ताच्या आत्ता बुजव.”

“भाऊजी, एवढे घाबरण्यासारखे काय आहे?” मी म्हटले. “पेव आहे ते. राघोजींचे धान्याचे पेव असणार. पूर्वी चोरांच्या भयाने लोक वावरात पेवे खणीत.”

“पेव घडीव चिऱ्याचं बांधतात काय, वहिनी?”

“खुमकर पाटील बांधीत असतील. तुळशीराम, खणत राहा. तळ दिसला म्हणजे भाऊजींचा जीवही शांत होईल आणि गावाची तोंडेही.”

ही आज्ञा मी दिली. ती मी पुन्हाही तशीच दिली असती, कारण माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आपल्या घराविषयी शंका घेणे मला कोणी शिकवलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अवधूतने खालून हाक मारली. हाक कसली, नुसताच आवाज. मी कडेशी गेले. त्याच्या दोन्ही हातांत चेपलेली, हिरवी पडलेली एक तांब्याची घागर होती.

“पेवात घागर कोण टाकतो, आई?”

“इकडे दे.”

मी ती मांडीवर घेतली आणि पदराने काठाखालची माती पुसली. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर, काठाच्या खाली, एक कासव कोरलेले असे. नावापेक्षा कासव बरे, असे म्हणत राघोजींनी ती खूण ठरवली होती; भांडी पंगतीला बाहेर गेली तर ओळखून परत आणता यावीत म्हणून. हिरव्या गंजाखालून आधी एक पाय दिसला, मग पाठ, मग बाहेर काढलेली मान.

माझे कासव.

तुळशीराम काही तरी विचारत होता. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते, शब्द कानात शिरत नव्हते. माझ्या घरची घागर, जी विहीर कधी नव्हतीच, त्या विहिरीत होती. एवढे एकच वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा उच्चारत राहिले आणि दर वेळी त्याचा अर्थ नव्याने लागत होता.

केशवरावांनी माझ्या मांडीवरची घागर पाहिली. त्यांचा स्वर पहिल्यांदाच खाली आला.

“वहिनी, मी पाया पडतो. माझ्या प्रमिलेची सोयरीक ठरत आली आहे. कार्य होऊ द्या. पाटलाच्या घरची घागर इंगळ्यांच्या विहिरीत कशी गेली, असं त्या लोकांनी विचारलं तर मी काय सांगू? आज बुजवा. पुढचं पुढे पाहू.”

“कशी गेली, भाऊजी?”

“मला काय ठाऊक!”

“मग ज्याला ठाऊक आहे त्याला विचारू. तुळशीराम, जा. भागरथाबाई इंगळे यांना म्हणावे, पाटलीणबाईंनी घरी बोलावले आहे.”

तुळशीराम गेला आणि एकटाच परत आला. अंगठ्याने माती उकरीत उभा राहिला.

“काय म्हणाल्या?”

“म्हंतात, तुमच्या घरी मी कायले येऊ? काम वावरात निंगालं, तं वावरातच येतो.”

असे उत्तर मला त्या गावात कोणी दिले नव्हते. मी घागर मांडीवर घेऊन तेथेच बसून राहिले.

भागरथाबाई, सटवाजींच्या घरातल्या सून, माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठ्या. पांढरे स्वच्छ लुगडे, हातात काठी. पण काठीवर भार नाही, ती नुसती सोबतीला. धुऱ्याशी येऊन त्या थांबल्या.

“जयभीम, पाटलीनबाई. आत पाय ठिवू काय? सटवाजीबुवाच्या मांगं या बांधाच्या आत आमच्या घरच्या कोनी ठिवला नाई.”

“या.”

त्या सावकाश आल्या. खड्ड्यात डोकावून चिऱ्यांची कड पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही.

“भागरथाबाई, विहीर सापडली,” मी म्हटले.

“सापडली? हरपली कवा होती जी? तुमच्या घरले ठाऊक होती, आमच्या घरले ठाऊक होती. गावालेच तेवढी सापडत नव्हती.”

“माझ्या घराला ठाऊक नव्हती!” माझा आवाज चढला. “ठाऊक असती तर मी माझ्या मुलाला येथे कुदळ मारू दिली असती का?”

“तुमाले नसन ठाऊक. मंग दरसाल घागर कोनाले वतत होत्या?”



भागरथाबाईंनी काठी आडवी ठेवली आणि मातीच्या ढिगावर, माझ्या समोर, माझ्याएवढ्याच उंचीवर त्या बसल्या.

“माह्या सासूनं डोयानं पाह्यलं, थे सांगतो. छप्पनच्या साली पूर्ना आटली. गावच्या खाऱ्या इहिरी, थ्याही आटल्या. एवढी एक गोडी होती. तुमच्या पार्बताबाई रातच्याला यायच्या, ही घागर घेऊन. घरी लेकरं तडफडत होते. आमचा सटवाजीबुवा सोता पानी शेंदे आन वरून वते. आपला पोहरा घागरीले लागू देत नसे, पाटलीनबाईले इटाळ नको म्हून. बाई आधी इथंच ओंजळीनं पेत, मंग भरून नेत. साऱ्या दुष्काळात पाटलाच्या घरचं एक लेकरू मेलं नाई.”

“आणि तुमची?”

“पान्यानं पोट भरते काय, बाई? आमचे भुकेनं गेले. उरले थे घेऊन बुवा गाव सोडून गेला. पाऊस पडला, गाव हिरवं झालं, अन पाटलाच्या पोरीची सोयरीक आली. पाटलाचं घर महाराच्या इहिरीवर जगलं, हे सोयऱ्याले कयलं असतं तं? म्हून बुजवली. वर नांगर फिरवला, वावर आपलं केलं. अन ही घागर, इटाळाची, घरात कशी ठिवता? तिच्यातच टाकली.” त्यांनी घागरीकडे बोट केले. “पानी पोटात चाललं. घागर घरात नाई चालली.”

केशवरावांनी मान फिरवली. लिंबाखाली ठेवलेले पानाचे तबक कोणी तरी लाथाडले असावे तसे कलंडले होते. ते त्यांनी उचललेही नाही.

“पार्बताबाईच्या जिवाले लागलं असन,” भागरथाबाई म्हणाल्या. “दरसाल एक घागर वतू लागल्या. नवऱ्याले सांगता येत नाई, गावाले सांगता येत नाई, तं देवाचं नाव केलं. हप्त्यानं फेडत होत्या, दुसरं काय. आमी दुरून पाहो. माही सासू म्हने, पाय, पाटलीन आली पानी द्यायले.”

त्या तडफडणाऱ्या लेकरांतले एक म्हणजे झिंगराजी, माझे सासरे. ते जगले म्हणून यजमान जन्मले. यजमान होते म्हणून समोर मातीने माखून उभा असलेला माझा मुलगा. ज्या कुळाची नावे मी आदल्याच दिवशी ताठ मानेने उच्चारली होती, त्यातले पहिले नाव मला आता जिभेवर घेववेना.

“हे सगळं सांगोवांगीचं आहे!” केशवराव अखेर ओरडले. “पुरावा काय?”

मी घागर उचलली आणि कासवाची बाजू त्यांच्याकडे केली. हेच कासव पाहत ते लहानाचे मोठे झाले होते.

“अवधूत, वर ये,” मी म्हटले. “हे वावर तुझ्या नावावर आहे. आधी तुझा निकाल सांग. कापसाला हे कसे?”

तो वर आला. हात झटकले. एकदा खड्ड्याकडे पाहिले, एकदा धुऱ्याकडे.

“माती खोल आहे, आई. खालच्या धुऱ्याकडे बेताचा उतार आहे, म्हणून ओल्या सालीही पाणी बसणार नाही. आणि ही विहीर खरोखर गोडी निघाली, तर कोरड्या सालीही पऱ्हाटीला हात देता येईल. आपल्याकडेच काय, साऱ्या पंचक्रोशीत कापसाला असे वावर नाही.”

“नीट विचार करून सांग.”

“विचार करूनच सांगतो. तुला द्यायला सोपे जावे म्हणून मी याला हलके म्हणणार नाही.”

मी उठले. “मग तुझी आई काय बोलणार, तेही तुला ठाऊक आहे.”

“विहीर दाखव आणि वावर घे,” तो म्हणाला. “राघोजींचा शब्द. माझी सही कुठे हवी ते सांग.”

“वहिनी! बियाणे एका वावरापुरते आहे! पेराल कुठे?”

“बरडात, भाऊजी. आणि बरड फसले तरी तुमच्या ओसरीवर येणार नाही, निश्चिंत असा.”

भागरथाबाई हसल्या. तोंडात दात थोडेच होते. “पन इहीर तं तुमच्या पोरानं दाखवली, बाई. आमी कुठं दाखवली?”

“तुम्हाला वावरात पाय ठेवू दिला असता, तर तुम्ही केव्हाच दाखवली असती. अट आम्ही घातली आणि वाटही आम्हीच अडवली. वावर तुमचे आहे.”

“हाये माहंच, म्हून घीन.” त्यांनी काठी उचलली. “पन घेतलं म्हंजे फिटलं, असं मी म्हननार नाई.”

“आणखी काय हवे?”

“पानी लागू द्या. मंग सांगतो.”

मला अशा अटी ऐकण्याची सवय नव्हती. तरी मी “ठीक” म्हटले.

विहीर उपसायला उन्हाळा सरत आला. अवधूत आत उतरत होता आणि त्याच्याबरोबर भागरथाबाईंचे दोन नातू. तुळशीराम वरून माती ओढी. तालुक्याला जाऊन कागद झाले. आमच्या पाहुण्यारावळ्यांतून निरोप येऊ लागले. काही विनवणीचे, काही धमकीचे. मी एकाचेही उत्तर दिले नाही. प्रमिलेची सोयरीक फिसकटली. पुढच्या वर्षी तिला याहून चांगले घर मिळाले, पण केशवरावांनी ते माझ्यापाशी कधी कबूल केले नाही. पुढे पेरणीला बियाणे बरडात गेले. त्या साली बरडाने आम्हाला पोटापुरते दिले, अधिक नाही.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी, मृगाच्या आधी एका सकाळी तुळशीराम धावत आला. “पानी लागलं, बाई! गोडं हाय!”

मी पोचले तेव्हा सारे गाव जमले होते. बायका डोक्यावरचा पदर दातांत धरून उभ्या होत्या. माळकरी होते, शाळेचे मास्तर होते, केशवराव होते. विहिरीच्या काठावर भागरथाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पाण्याने भरलेला जर्मनचा गडवा होता.

“या, पाटलीनबाई. पानी प्या.”

मी गडवा घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो मागे घेतला.

“असं नाई. ओंजय करा. बुवा वरून वते, तसंच. पार्बताबाई रातच्या पेल्या, तुमी दिसा प्या. गावादेखत.”

जमलेल्या माणसांतून एक हुंकार उठला आणि विरला. गावाच्या पाणवठ्यावर आजवर कोणी ओंजळ करायची आणि कोणी वरून ओतायचे, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

“वहिनी, नका!” केशवराव गर्दीतून पुढे आले. “शब्द वावराचा होता. पाण्याचा नव्हता!”

“शब्द वावराचा होता, भाऊजी,” मी म्हटले. “घेतले होते ते पाणी.”

देवाखेरीज आणि सासूबाईंखेरीज मी कोणापुढे वाकले नव्हते. मी पदर खोचला, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि वाकले. भागरथाबाईंनी वरून धार धरली. पाणी गार होते आणि गोड. एक ओंजळ प्यायले, दुसरी प्यायले आणि हात खाली केले.

“अजून,” भागरथाबाई म्हणाल्या.

मी वर पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उपहास नव्हता. हिशेब पुरा घेणाऱ्या माणसाचा शांतपणा होता.

“त्याईनं पोटभर पेलं होतं, बाई. घोट दोन घोट नाई.”

मी पुन्हा ओंजळ धरली. पाणी मनगटांवरून कोपरांपर्यंत ओघळले, छातीवरचे लुगडे भिजले, हनुवटीवरून थेंब मातीत पडू लागले. मी पीत राहिले. आणखी एक घोट घेणे अशक्य होईपर्यंत पीत राहिले.

“पोट भरलं?”

“भरले.”

भागरथाबाईंनी गडवा उपडा केला आणि त्यातला शेवटचा थेंब माझ्या ओंजळीत झटकला.

“मंग फिटलं,” त्या म्हणाल्या.